हॅलोजन मूलद्रव्ये : विहिरीपासून गोठ्यापर्यंत

(कोरेगाव भीमा परिसरातील शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काही जणांना हा शाळेतला तास वाटेल. 'हॅलोजन मूलद्रव्ये' हे शब्द दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात भेटतात आणि परीक्षा झाली की मागे पडतात. परंतु शेतकऱ्याच्या घरातून ही मूलद्रव्ये कधीच बाहेर जात नाहीत. स्वयंपाकघरातले मीठ, ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर, उसाला दिलेले म्युरेट ऑफ पोटॅश, ठिबक साफ करण्याचे आम्ल, पीव्हीसीचा पाइप, जखमेवरचे टिंक्चर आयोडीन आणि फवारणीच्या कितीतरी औषधांत हॅलोजन गटाचे कोणते ना कोणते मूलद्रव्य असते. रोज हाताळावयाच्या वस्तूंची जात माहीत नसली तर नुकसान होते, आणि या गटाच्या बाबतीत प्रसंगी जीवही जातो. म्हणून हा विषय आज मुद्दाम घेतला आहे.

हॅलोजन म्हणजे काय?

फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन अशी या घराण्यातली चार प्रमुख भावंडे आहेत. पाचवे ॲस्टाटीन हे किरणोत्सारी असून निसर्गात इतके दुर्मिळ आहे की शेतीशी त्याचा संबंध येत नाही. 'हॅलोजन' या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ 'मीठ उत्पन्न करणारे' असा आहे. धातूशी संयोग झाला की ही मूलद्रव्ये क्षार तयार करतात, त्यावरून हे नाव पडले. सोडियम आणि क्लोरीन यांच्या संयोगातून आपले खाण्याचे मीठ बनते.

शुद्ध स्वरूपात ही चारही भावंडे वेगवेगळी दिसतात. फ्लुओरीन फिकट पिवळा वायू आहे. क्लोरीन हिरवट पिवळा, उग्र वासाचा वायू आहे. ब्रोमीन तांबूस तपकिरी द्रव आहे, तर आयोडीन काळसर चकाकते स्फटिक असून तापविल्यास त्याची जांभळी वाफ होते. क्लोरीन वायू शेले या शास्त्रज्ञाने 1774 मध्ये प्रथम तयार केला. आयोडीन 1811 मध्ये समुद्रशेवाळाच्या राखेतून कूर्त्वा यांना मिळाले आणि ब्रोमीन 1826 मध्ये बालार यांनी शोधले. फ्लुओरीन मात्र इतके जहाल निघाले की ते सुटे करण्यास 1886 साल उजाडले. ते काम करणाऱ्या मॉयसां यांना 1906 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या सर्वांच्या स्वभावाचे मूळ एकाच गोष्टीत आहे. त्यांच्या अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचात सात इलेक्ट्रॉन असतात आणि आठ झाल्याशिवाय त्यांना स्वस्थता नसते. हा एक इलेक्ट्रॉन ती समोर येईल त्याच्याकडून ओढून घेतात, मग तो धातू असो, जंतूचे आवरण असो की माणसाचे फुप्फुस असो. ही ओढ फ्लुओरीनमध्ये सर्वांत जास्त, त्याखालोखाल क्लोरीन, मग ब्रोमीन आणि आयोडीनमध्ये सर्वांत कमी असते. म्हणूनच ब्रोमाईडच्या द्रावणात क्लोरीन सोडला तर तो ब्रोमीनला हुसकावून त्याची जागा घेतो.

एकदा तो आठवा इलेक्ट्रॉन मिळाला की हेच मूलद्रव्य शांत होते. क्लोरीनचे क्लोराईड होते, फ्लुओरीनचे फ्लुओराईड आणि आयोडीनचे आयोडाईड होते. क्लोरीन वायू प्राणघातक आहे, तर क्लोराईड आपण भाजीत घालून खातो. म्हणून आजच्या व्याख्यानातून एवढे एकच सूत्र घरी न्यावे : हॅलोजन कोणत्या रूपात आहे आणि किती आहे, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये. आता हे सूत्र आपल्या विहिरीला, जमिनीला, ठिबक संचाला आणि गोठ्याला कसे लागू पडते ते क्रमाने पाहू.

पिण्याच्या विहिरीतील क्लोरीन

टीसीएल म्हणून आपण जी पांढरी पावडर ओळखतो ती ब्लिचिंग पावडर होय. चुन्यावर क्लोरीन वायू सोडून ती तयार करतात. चांगल्या ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. पावडर पाण्यात मिसळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि ते जंतूंचा नाश करते.

पाणी निर्जंतुक करण्यासाठी दर 1,000 लिटरला अंदाजे 2.5 ग्रॅम चांगली पावडर लागते. विहिरीतील पाणी मोजण्याची रीत सोपी आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्याच आकड्याने गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा आणि शेवटी 785 ने गुणा. येणारा आकडा म्हणजे लिटर. व्यास 4 मीटर आणि पाणी 3 मीटर असेल तर 4 × 4 × 3 × 785 म्हणजे 37,680 लिटर पाणी झाले. त्याला सुमारे 95 ग्रॅम पावडर पुरे.

अनेक ठिकाणी पावडर मुठीने थेट विहिरीत फेकली जाते. ही पद्धत चुकीची आहे. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून तिची लापशी करावी, मग बादली पाण्याने पाऊण भरून ढवळावी आणि पाच ते दहा मिनिटे तशीच ठेवावी. चुना खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोराने विहिरीच्या पाण्यात बुडवावी व खालीवर, आजूबाजूला हलवावी. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. त्यानंतर निदान एक तास पाणी भरू नये. हे काम रात्री शेवटचे पाणी भरून झाल्यावर केल्यास सोयीचे पडते.

तासाभराने ओटी टेस्ट करावी. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. पिवळा रंग आलाच नाही, तर घाण जास्त असल्याने सगळा क्लोरीन तिच्यातच खर्ची पडला किंवा पावडर जुनी झाली, असा अर्थ होतो. उघड्या पोत्यातील पावडरीतून क्लोरीन उडून जातो आणि मागे नुसता चुना राहतो. म्हणून पावडर झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, कोरड्या व थंड जागी ठेवावी. धान्य, खते व आम्ले यांच्याजवळ ती कधीही ठेवू नये.

पाण्यातून शेतात येणारे क्लोराईड

आता शांत रूपाकडे, म्हणजे क्लोराईडकडे वळू. क्लोरीन हे पिकांचे आवश्यक सूक्ष्म अन्नद्रव्य आहे, हे 1954 मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधनातून सिद्ध झाले. प्रकाशसंश्लेषणात पाण्याचे विघटन होताना आणि पानांवरील पर्णरंध्रांची उघडझाप होताना क्लोराईड लागते. परंतु ही गरज इतकी अल्प असते की आपल्याकडे ते मुद्दाम देण्याची वेळ सहसा येत नाही. आपला प्रश्न आहे तो ते जास्त होण्याचा.

शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेतले तालुके. पाऊस कमी, त्यामुळे जमिनीतले क्षार आपोआप धुऊन जाण्यास वाव कमी. त्यातच कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला आणि भारी काळ्या जमिनीत निचरा तोकडा पडू लागला. तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते आणि रांजणगाव सांडसपाशी मुळा-मुठा मिळते. या नद्या शहरांचे सांडपाणी घेऊन येतात. सांडपाण्यात माणसांनी खाल्लेले मीठ, साबण आणि सफाईची द्रव्ये येतात व त्यांच्याबरोबर क्लोराईडही येते. म्हणून नदीवरून उपसा करणाऱ्या आणि नदीकाठी विहिरी असणाऱ्या शेतकऱ्यांनी पाणी तपासून घेणे अगत्याचे आहे.

तपासणी अहवालात क्लोराईडचा आकडा मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर किंवा मिलिग्रॅम प्रति लिटर असा लिहिलेला असतो. पहिल्या आकड्याला 35.5 ने गुणले की दुसरा मिळतो. संवेदनशील पिकांना पृष्ठभागावरून पाणी देताना तो असा वाचावा :

4 पेक्षा कमी (142 मिलिग्रॅमपर्यंत) : सहसा अडचण नाही.
4 ते 10 (142 ते 355 मिलिग्रॅम) : काळजी घ्यावी, निचरा पाहावा.
10 पेक्षा अधिक (355 मिलिग्रॅमच्या वर) : संवेदनशील पिकांना धोका.

तुषार सिंचनात पाणी थेट पानावर पडते, त्यामुळे 3 च्या वरच सावध व्हावे. द्राक्ष, लिंबूवर्गीय फळझाडे, घेवडा, स्ट्रॉबेरी व तंबाखू ही पिके क्लोराईडला नाजूक आहेत. कांदा एकूण क्षारांना लवकर बळी पडतो. कापूस, नारळ व बार्ली ही पिके बरेच सोसतात. क्लोराईड जास्त झाल्याचे लक्षण म्हणजे जुन्या पानांचे शेंडे आणि कडा करपतात व ती पाने अकाली गळतात. पुष्कळदा याला रोग समजून बुरशीनाशक फवारले जाते आणि खर्च वाया जातो.

आता एक हिशेब करू. एक हेक्टर क्षेत्रावर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे 1 लाख लिटर. त्यात लिटरला 142 मिलिग्रॅम क्लोराईड असेल, तर त्या एका सेंटिमीटरबरोबर 14.2 किलो क्लोराईड शेतात उतरते. उसाला वर्षभरात पाटाने 200 सेंटिमीटर पाणी दिले, तर 2,840 किलो झाले. म्हणजे पावणेतीन टनांहून अधिक! आणि हे पाणी तर 'अडचण नाही' या वर्गाच्या काठावरचे आहे.

याच्या शेजारी खताचा हिशेब ठेवा. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये 60 टक्के पालाश व सुमारे 47 टक्के क्लोराईड असते. पूर्वहंगामी उसाला हेक्टरी 170 किलो पालाश द्यावयाचे तर सुमारे 283 किलो म्युरेट लागते आणि त्यातून जेमतेम 133 किलो क्लोराईड येते. पाण्यातून येणारे क्लोराईड त्याच्या वीसपट आहे. म्हणजे जमीन खारवटली म्हणून खताच्या पोत्याकडे बोट दाखवण्यापूर्वी पाटाच्या दारातून काय येते ते पाहिले पाहिजे. तंबाखूसारख्या नाजूक पिकाला आणि क्लोराईडयुक्त पाण्यावरील द्राक्षबागेला म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरणे हितावह आहे. उसाला मात्र म्युरेट चालते. तेथे प्रश्न पाण्याचा आणि निचऱ्याचा आहे.

क्लोराईडचा एक गुण आपल्या उपयोगाचा आहे. चिकणमातीचे कण ऋण भाराचे असतात आणि क्लोराईडही ऋण भाराचे असते, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पाण्याला खाली वाट मिळाली की क्लोराईड पाण्याबरोबर निघून जाते. वाट मिळाली नाही तर उन्हाळ्यात तेच पाणी केशाकर्षणाने वर चढते, वाफ होऊन उडते आणि बांधाकडेला पांढरा खार फुटतो. म्हणून खारवट जमिनीवर पहिला उपाय म्हणजे निचऱ्याचे चर. त्यानंतर चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणे, हिरवळीचे खत, आच्छादन आणि ठिबकने मोजके पाणी. जिप्सम हा चोपण जमिनीचा उपाय आहे. नुसत्या खारवट जमिनीत जिप्सम टाकणे म्हणजे क्षारात आणखी क्षार घालण्यासारखे आहे. माती परीक्षणात सामू 8.5 च्या वर आणि विनिमययुक्त सोडियम 15 टक्क्यांच्या वर असेल तेव्हाच जिप्समचा विचार करावा.

दौंड भागातील गुऱ्हाळमालकांना याचा दुसरा पुरावा ठाऊक आहे. खारवट रानातल्या उसाच्या रसात क्लोराईड अधिक उतरते. त्या रसाचा गूळ खारट लागतो, मऊ राहतो आणि पावसाळी हवेत ढेप पाझरू लागते. गुळव्या कितीही कसबी असला तरी रानातला खार कढईत निघत नाही.

ठिबक संच : आम्ल आणि क्लोरीन एकत्र नकोत

बंधूंनो, आजच्या व्याख्यानातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. कृपया लक्षपूर्वक ऐकावा.

ठिबक संच दोन कारणांनी तुंबतो. पाण्यातील चुनखडीचे क्षार बसतात, त्यावर आम्लाची प्रक्रिया करतात. शेवाळ आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो, त्यावर क्लोरीनची प्रक्रिया करतात. दोन्ही प्रक्रिया योग्य आहेत. परंतु वेळ वाचवावा म्हणून कोणी ब्लिचिंग पावडर आणि हायड्रोक्लोरिक आम्ल एकाच टाकीत ओतले, किंवा आम्लाच्या न धुतलेल्या बादलीत पावडर कालवली, तर शांत झालेला क्लोरीन पुन्हा मोकळा होतो आणि वायुरूपाने बाहेर पडतो.

किती? चांगल्या प्रतीच्या 1 किलो पावडरीतून अशा रीतीने 100 लिटरहून अधिक क्लोरीन वायू सुटू शकतो. पंपघर दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच आहे असे धरा. त्यातील हवेत क्लोरीनचे प्रमाण दहा लाखात साडेचार हजार भागांच्या वर जाईल. दहा लाखात केवळ 10 भाग हे प्रमाणही जीविताला तत्काळ धोकादायक मानले जाते. पहिल्या महायुद्धात 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधील ईप्र येथे सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने खाली बसतो. पंपाचा खड्डा, विहिरीचा तळ आणि खोल टाकी यांत तो साचून राहतो. खाली पडलेल्या माणसाला काढायला दुसरा उतरला तर तोही सापडतो.

यासाठी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

1. आम्लप्रक्रिया व क्लोरीनप्रक्रिया एका दिवशी करू नये. एकीनंतर संच स्वच्छ पाण्याने धुऊन काढावा व दुसरी पुढे कधी तरी करावी.
2. दोन्हींची मापे, बादल्या व टाक्या वेगळ्या ठेवाव्यात आणि त्यांवर ठळक अक्षरांत नावे लिहावीत.
3. आम्ल नेहमी पाण्यात घालावे. आम्लावर पाणी ओतू नये.
4. द्रावण उघड्यावर, वाऱ्याची दिशा पाठीशी घेऊन करावे. रबरी हातमोजे व चष्मा वापरावा.
5. युरिया, अमोनियम सल्फेट किंवा कीडनाशक संचातून चालू असताना क्लोरीन सोडू नये.
6. ट्रायकोडर्मा किंवा जिवाणू खते ठिबकमधून द्यावयाची असतील, तर आधी क्लोरीन पूर्ण धुऊन निघाला पाहिजे. नाहीतर जे जंतू आपण विकत आणले तेच मारले जातात.

प्रमाण काढण्याची रीत अशी. शेवाळ झालेल्या संचात साधारण 10 ते 20 भाग प्रति दशलक्ष क्लोरीन तासभर ठेवतात. सतत सोडावयाचा असल्यास शेवटच्या तोटीपाशी 1 ते 2 भाग पुरतात. संचातून ताशी 10,000 लिटर पाणी जात असेल आणि 10 भाग क्लोरीन हवा असेल, तर तासाला 100 ग्रॅम क्लोरीन लागतो. त्यासाठी 33 टक्क्यांची पावडर सुमारे 300 ग्रॅम किंवा 10 टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराईट 1 लिटर लागेल. पावडरीची निवळीच वापरावी. पाणी जड असेल तर पावडरीतल्या चुन्याने तोट्या बुजतात, म्हणून तेथे सोडियम हायपोक्लोराईट बरे.

एखाद्याला क्लोरीनची बाधा झाली तर त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत, उंच जागी न्यावे. कपडे सैल करावेत, डोळे व त्वचा भरपूर पाण्याने धुवावीत आणि बरे वाटले तरी दवाखान्यात न्यावेच. फुप्फुसात पाणी होण्याचा त्रास काही तासांनीही उद्भवू शकतो.

फ्लुओरीन : दात, हाडे आणि खनिज मिश्रण

पिण्याच्या पाण्यात फ्लुओराईडचे प्रमाण लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालते, असे भारतीय मानक सांगते. त्याहून अधिक फ्लुओराईडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे व पुढे पिवळे-तपकिरी डाग पडतात. मोठ्या माणसांचे सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठ होतो. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांतील कित्येक गावांनी हा त्रास सोसला आहे. खोल कूपनलिकेचे पाणी खडकाशी दीर्घकाळ संपर्कात असते, म्हणून नवी कूपनलिका पिण्यासाठी वापरण्यापूर्वी फ्लुओराईडची तपासणी करून घ्यावी. पाणी उकळून फ्लुओराईड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. तुरटी व चुना वापरून ते कमी करण्याची 'नालगोंडा' पद्धत नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने विकसित केली आहे.

गोठ्याच्या दृष्टीनेही एक सूचना आहे. रॉक फॉस्फेट या खनिजात 3 ते 4 टक्के फ्लुओरीन असते. ते जमिनीसाठी आहे. स्वस्त पडते म्हणून जनावरांच्या खुराकात ते मिसळू नये. जनावरांना प्रमाणित खनिज मिश्रणच द्यावे. अन्यथा दात झिजतात, जनावर लंगडते आणि दूध कमी होते.

ब्रोमीन आणि टिकाऊ विषे

जुन्या शेतकऱ्यांना धान्याच्या कणगीत ठेवण्याची ईडीबीची काचेची अँप्यूल आठवत असेल. त्यात ब्रोमीनचे संयुग होते. आरोग्यास घातक म्हणून त्यावर भारतात 2001 मध्ये बंदी आली. मिथिल ब्रोमाईड हे धुरीचे औषध ओझोनच्या थरास मारक ठरल्याने 1987 च्या माँट्रियल कराराखाली विकसनशील देशांत 2015 पर्यंत सर्वसाधारण वापरातून काढले गेले. आता ते मुख्यतः आयात-निर्यात मालाच्या धुरीपुरते उरले आहे.

क्लोरीनयुक्त जुन्या कीटकनाशकांचीही हीच कथा. डीडीटीचा शेतीतील वापर 1989 मध्ये थांबवण्यात आला, बीएचसीवर 1997 मध्ये बंदी आली आणि एन्डोसल्फान 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाले. यांतील कार्बन व क्लोरीन यांचा बंध मातीतील जिवाणूंना सहज तुटत नाही. ही द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत, पण चरबीत विरघळतात. म्हणून चाऱ्यावरून गाईत, गाईच्या दुधातील स्निग्धांशात आणि तेथून आपल्या लेकरांत ती साठत जातात. घराच्या माळ्यावर एखादा जुना डबा उरला असेल तर तो वापरू नये, ओढ्यात टाकू नये किंवा जाळू नये. कृषी अधिकाऱ्यांना दाखवावा.

आजच्या औषधांतही हॅलोजन आहेतच. क्लोरपायरीफॉसमध्ये क्लोरीन आहे, क्लोरँट्रानिलीप्रोलमध्ये क्लोरीन व ब्रोमीन आहे, तर फ्लुबेंडियामाईडमध्ये फ्लुओरीन आणि आयोडीनही आहे. सगळीच सारखी टिकाऊ किंवा सारखी विषारी नसतात. येथेही रूप आणि मात्रा पाहावी, लेबलवरील प्रतीक्षा काळ पाळावा. उसातील तणासाठी 2,4-डी फवारताना वारा शेजारच्या टोमॅटो, कापूस किंवा द्राक्षाकडे नाही याची खात्री करावी आणि तो पंप दुसऱ्या पिकाला वापरू नये.

आयोडीन : घर आणि गोठा

आयोडीन हे सौम्य भावंड. गळ्यातील थायरॉईड ग्रंथीला ते लागते. प्रौढ माणसाला रोज 150 मायक्रोग्रॅम पुरते, गरोदर मातेला 250. आयोडीन कमी पडले तर गलगंड होतो, परंतु त्याहून मोठे नुकसान पोटातील बाळाच्या मेंदूचे होते आणि ते पुढे भरून निघत नाही. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दर दहा लाखात किमान 15 भाग आयोडीन असावे असा दंडक आहे. म्हणजे 10 ग्रॅम मिठात बरोबर 150 मायक्रोग्रॅम. आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यास 2006 पासून बंदी आहे. भगिनींनी मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवावे.

गोठ्यात आयोडीन दोन ठिकाणी मोलाचे ठरते. नवजात वासराची नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवल्यास नाळेतून होणारा संसर्ग टळतो. आणि धार काढल्यावर प्रत्येक सड 0.5 टक्के आयोडीनच्या द्रावणात बुडवल्यास कासदाहाला आळा बसतो. धारेनंतर सडाचे तोंड अर्धा तास तरी उघडे असते, म्हणून लगेच वैरण टाकून जनावर उभे ठेवावे. पुढच्या धारेपूर्वी सड धुऊन पुसावेत, म्हणजे आयोडीन दुधात उतरणार नाही.

आयोडीन पिष्टमय पदार्थाबरोबर निळे होते. दुधात पीठ मिसळल्याची शंका असल्यास थोडे दूध उकळून थंड करावे व टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर भेसळ आहे. तपासलेले दूध फेकून द्यावे.

शेतकऱ्यांनी विचारलेले काही प्रश्न

*पाण्याचा नमुना कसा घ्यावा?*
मोटर 15 ते 20 मिनिटे चालू ठेवावी. स्वच्छ प्लॅस्टिकची एक लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावी. नाव, गट क्रमांक, स्रोत व तारीख लिहून लवकर प्रयोगशाळेत द्यावी. टीसीएल किंवा औषधाची रिकामी बाटली वापरू नये. एक नमुना पावसाळ्यानंतर आणि एक उन्हाळ्यात घ्यावा, कारण दोहोंत बराच फरक पडतो.

*टीसीएल टाकलेले पाणी पिकाला दिले तर चालते का?*
पिण्याच्या पाण्यातील शिल्लक क्लोरीन अत्यल्प असतो व उन्हात लवकर नाहीसा होतो. त्याने पिकाला इजा होत नाही.

*फुटके पीव्हीसी पाइप बांधावर जाळावेत का?*
मुळीच जाळू नयेत. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक, सुमारे 57 टक्के, क्लोरीनच असतो. जाळल्यावर त्यातून आम्लाचा धूर निघतो व इतर विषारी द्रव्येही तयार होतात. ते भंगारात द्यावेत.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आजच्या बोलण्यातून तीन कामे तरी आपण या हंगामात करावीत अशी विनंती आहे. विहिरीच्या पाण्याचे क्लोराईड तपासून घ्या. पंपघरात आज आम्लाचे कॅन आणि टीसीएलचा डबा शेजारी शेजारी असतील तर घरी गेल्याबरोबर ते वेगळे करा. आणि ठिबक धुण्याचे काम ज्या गड्याकडे किंवा मुलाकडे असेल, त्याला ही दोन द्रव्ये एकत्र का करावयाची नाहीत ते समजावून सांगा. काम त्याच्या हातून होते, म्हणून ही माहिती आधी त्याला हवी.